कुठलं अ‍ॅप टाकू, वैनी?

तासगावच्या एसटी स्टँडजवळ आमचं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, टेम्पर, चार्जिंग पिन, सिम पोर्ट, जे म्हणाल ते. घरचे द्राक्षबाग बघतात, काउंटरला मी बसते. चौदा वर्षं झाली. नवा फोन घेतलेलं गिऱ्हाईक डबा फोडून फोन तसाच माझ्यापुढं सरकवतं. पूर्वी मी काही न विचारता व्हॉट्सअ‍ॅप टाकून द्यायचे आणि पुढच्याकडं वळायचे. आता तसं भागत नाही. एमपीएससीची पोरं टेलिग्राम मागतात, वकीलसाहेब सिग्नल मागतात, बातम्या बघून आलेले आजोबा "ते आपलं देशी निघालंय ते" मागतात. बाकीचे सगळे एकच विचारतात, "कुठलं अ‍ॅप टाकू, वैनी?"

मागच्या महिन्यात मणेराजुरीचे एक दादा आले. म्हणाले, "ह्यो हिरवा काढा आन् दुसरा कायतरी हलका टाका. फोन लई हँग हुतोय." फोन हातात घेतला. चौसष्ट जीबीतले एकोणीस जीबी नुसते मेसेजमधून आलेले फोटो आणि व्हिडिओ. सुप्रभात, कीर्तनं, औषधांची पत्रकं, आणि एकाच बारशाचा व्हिडिओ सहा ग्रुपांतून सहा वेळा. दादांनी अ‍ॅप बदललं असतं तरी पाहुणे कुठं बदलणार होते? तेच बारसं नव्या अ‍ॅपवरही सहा वेळा आलं असतं.

एकच अ‍ॅप निवडायचंय असं समजून लोक येतात आणि तिथंच घोळ होतो. ताटात डावी बाजू असते, उजवी बाजू असते. चटणी भातात कालवून कुणी वाढत नाही. फोनचंही तसंच करायचं. कुठलं बोलणं कुठं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. कुठल्या अ‍ॅपवर यायचं ते समोरच्यानं आपल्या आधीच ठरवलेलं असतं.

आधी माणसं मोजा

म्हणून पहिलं काम कागदावर करा, फोनवर नको. गेल्या आठ दिवसांत ज्यांना मेसेज केला अशा दहा जणांची नावं लिहा. प्रत्येकापुढं लिहा: फोन कीपॅडचा की टचचा, त्याच्याकडं कायम नेट असतं की नाही, तो वाचतो की ऐकतो, आणि तो सध्या कुठं बोलतो. शेवटचा रकाना भरला की निम्मा निकाल लागलेला असतो. दहातले नऊ जण जिथं आहेत ते अ‍ॅप फोनवर राहणारच, तुम्हाला आवडो न आवडो.

हे मी २०२१ च्या जानेवारीत शिकले. व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या अटी दाखवल्या होत्या, इलॉन मस्कनं "सिग्नल वापरा" असं लिहिलं होतं, आणि आठवडाभर आमच्याकडं सिग्नल टाकून घ्यायला माणसं येत होती. मीही टाकलं. त्यावर आलेला पहिला मेसेज माझ्या भावाचा: "आलीस का? बरं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकलाय तो बघ." महिन्याभरात सगळे जिथल्या तिथं. आणि त्याच जानेवारीत हाइक नावाचं मेसेजचं अ‍ॅप बंद पडलं. आमच्या गिऱ्हाइकांतली कॉलेजची पोरं एके काळी त्याच्या मराठी स्टिकरांसाठी जीव टाकायची. त्याआधी ब्लॅकबेरीचं बीबीएम ३१ मे २०१९ ला बंद झालं होतं. म्हणजे अ‍ॅपही जातात. आधारकार्डाचा फोटो, सातबारा, बेदाण्याच्या सौद्याची पट्टी नुसती कुठल्यातरी चॅटमध्ये पडून असेल, तर ती आजच फोनमध्ये वेगळी काढून ठेवा.

ज्या डब्यात कुणी बघत नाही

एसएमएसला लोक अ‍ॅप समजतच नाहीत. तिथं चार-चार हजार न वाचलेले मेसेज साठलेले असतात. पण बँकेचा ओटीपी तिथंच येतो, गॅसचा नंबर तिथंच येतो, आणि नेट गेलेल्या दिवशी रानातनं निरोप तिथूनच जातो. छाटणीच्या टोळीचा मुकादम बहुतेक कीपॅडवाला असतो. त्याला उद्याची वेळ कळवायची तर दुसरा कुठलाच रस्ता नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडलेलं अक्षर, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'द्राक्षं' हा एवढासा शब्द आठ जागा खातो. सत्तरच्या पुढं गेलात की मेसेजचे ६७ चे तुकडे पडतात, म्हणजे दोनशे अक्षरांचा मराठी निरोप तीन एसएमएस धरला जातो. पॅकमध्ये दिवसाला शंभर मिळतात, त्यामुळं एकट्यादुकट्याला फरक पडत नाही. पण बचत गटाच्या पन्नास बायकांना बैठकीचा लांबलचक निरोप पाठवलात तर दुपारीच कोटा संपतो. शिवाय काही जुन्या कीपॅडवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मुकादमाला मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते. दिसायला वाईट, पण पोचतं.

एसएमएस वाचायला कुठलं अ‍ॅप घ्यायचं? फोनबरोबर आलेलं, नाहीतर गुगलचं मेसेजेस. यापलीकडचं काही टाकू नका, त्यात कितीही रंगीत थीम मिळोत. जे अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचतं ते तुमचे ओटीपी वाचतं. बँकेची किल्ली त्याच्या हातात असते म्हणा ना.

गुगलच्या मेसेजेसमध्ये आरसीएस नावाची सोय असते. ती चालू असली आणि समोरच्याचीही असली, तर तोच मेसेज नेटवरून जातो, टिका दिसतात, फोटो चांगला जातो. पाठवायच्या बाणाजवळ छोटं कुलूप दिसलं तर बोलणं दोघांपुरतंच बंद आहे असं समजा. कुलूप नसलं तर साध्या एसएमएसचं पोस्टकार्ड आहे असं समजून लिहा.

खरा-खोटा एसएमएस ओळखायची एक खूण आता मिळाली आहे. मे २०२५ पासून कंपन्यांच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. "आज रात्री साडेनऊला लाइट तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल तर फोन करू नका. आमच्या गल्लीतल्या एका रिटायर गुरुजींनी केला होता. रक्कम सांगत नाही, त्यांना अजून लाज वाटते. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत नंबराला, लावायचं. पहिल्या तासा-दोन तासांत लावलं तर काहीतरी अडवता येतं.

हिरवं अ‍ॅप आणि आमचा गुन्हा

व्हॉट्सअ‍ॅप टाकू की नको, हा प्रश्न तासगावात तरी निकालात निघालेला आहे. टाकावंच लागतं. पण कसं टाकायचं, यावर मी अर्धा तास बोलू शकते.

आधी आमचा गुन्हा कबूल करते. नवा फोन चालू करताना तो जीमेल मागतो. गिऱ्हाइकाला आपला जीमेल माहीत नसतो, मागं चार माणसं ताटकळत असतात, मग आम्ही दुकानदार पटकन एक नवा जीमेल काढतो, मनाला येईल तो पासवर्ड घालतो आणि फोन हातात देतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. दोन वर्षांनी तो फोन विहिरीत पडतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप जीमेलला बांधलेला असतो. जुने मेसेज परत आणायला तोच नंबर आणि तोच जीमेल, दोन्ही लागतात. नंबर असतो. जीमेल मी काढलेला, पासवर्ड मी घातलेला, आणि तो मलाही आठवत नाही. एक बाई कलर झेरॉक्सच्या दुकानातून परत माझ्याकडं आल्या होत्या, मुलीच्या साखरपुड्याचे फोटो काढून द्या म्हणून. फोटो नव्हतेच. त्या काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

त्या दिवसापासून काउंटरवर शंभर पानी वह्या ठेवल्या आहेत. फोन घेणाऱ्याला एक पान फाडून देते: जीमेल, पासवर्ड, तारीख. घरी जाऊन देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, असं सांगते. फोनच्या कव्हरमागं ठेवू नका. तुम्ही हे वाचताय तर उठा आणि बघा: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चॅट, त्यात बॅकअप, त्यात कुठला जीमेल दिसतो? तो तुमचा आहे का? शेवटचा बॅकअप कधीचा आहे? आता हा बॅकअप गुगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, म्हणून व्हिडिओ वगळण्याचं बटण दाबून ठेवा, नाहीतर जागा भरते आणि बॅकअप गुपचूप थांबतो.

मेसेजला कुलूप असतं ही गोष्ट खरी आहे. एप्रिल २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा सोडून मधला कुणी तो वाचू शकत नाही. पण बॅकअपला ते कुलूप आपोआप लागत नाही. २०२१ पासून ते वेगळं लावायची सोय आहे. पासवर्ड विसरलात तर मात्र कुणीच उघडून देऊ शकत नाही. म्हणून तरुणांना मी ते लावायला सांगते आणि सत्तरीच्या पुढच्यांना नाही. त्यांचं गुपित फुटायची भीती कमी, विसरायची जास्त. आणि कुलूप मेसेजच्या मजकुराला आहे. कोण कुणाशी कधी बोललं ही माहिती कंपनीला कळू शकते.

दोन टप्प्यांचा सहा आकडी पिन मात्र सगळ्यांना लावायचाच. कुणी फोन करून "चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आला, सांगता का" असं गोड बोललं आणि तुम्ही सांगितला, तरी पिनशिवाय त्याला आत येता येत नाही. पिन जन्मसालाचा नको. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, तिथं 'माझे संपर्क' करा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, मोबाइल डेटावर आणि वायफायवर, दोन्हीकडं. मणेराजुरीच्या दादांना मी एवढंच केलं. स्टोरेजच्या यादीत मोठे व्हिडिओ वर येतात, ते त्यांच्यासमोर एकेक विचारून काढले. बारशाचा एक ठेवला. फोन हँग व्हायचा थांबला आणि नवं अ‍ॅप काही टाकावं लागलं नाही.

एकदा एक मुलगी आली. नवऱ्याला माझं सगळं कळतं, दुसरं अ‍ॅप टाकून द्या म्हणाली. मी आधी तिच्याच फोनमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइसेस' उघडून बघितलं. तिथं एक कॉम्प्युटर जोडलेला होता. तिच्याकडं कॉम्प्युटरच नव्हता. तिथून बाहेर काढायला एक बोट पुरतं. पण मी तिला आधी बसवलं आणि विचारलं, हे काढलं की त्याला कळेल, चालेल ना? तिनं माहेरी फोन लावला आणि मग काढलं. फोनचं लॉक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल तर कितीही कुलपाचं अ‍ॅप टाका, काही उपयोग नाही. आधी लॉक बदला, मग अ‍ॅपचं बघू.

आमच्या भागापुरतं आणखी एक. द्राक्षाच्या पानावर डाऊनी हा बुरशीचा रोग आला की लोक फोटो काढून सल्लागाराला पाठवतात. साधा पाठवलेला फोटो आकारानं दाबला जातो आणि पानामागची पांढरी बुरशी दिसेनाशी होते. सल्लागार म्हणतो भुरी आहे, म्हणजे दुसराच रोग, आणि फवारणी भलतीच. पाठवताना एचडीचं बटण दाबा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एचडीत तो कमी दाबला जातो, डॉक्युमेंट केला तर जसा काढला तसा जातो. पानाची दोन्ही बाजू पाठवा, हे अ‍ॅपचं नाही पण सांगून ठेवते.

ग्रुप काढायचा की ब्रॉडकास्ट, हेही विचारतात. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा. तो २५६ जणांपर्यंत जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मिळतो. अर्धे लोक "आम्हाला आलंच नाही" म्हणतात ते यामुळं. बचत गटाला, पाणी सोसायटीला ग्रुपच काढा आणि मेसेज फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतील असं करून ठेवा. अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात. दुसऱ्यानं काय टाकलं याबद्दल निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं आहे. तरी घाण आली तर काढा, वाट बघू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना मारलं. भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, आपल्याच शेजारच्या मंगळवेढ्याकडची. फॉरवर्ड झालेल्या अफवांनी ते झालं. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं केलं गेलं. दोन बाणांची खूण असलेला मेसेज म्हणजे खूप हातांतून आलेला, आणि तो आता एका वेळी एकाच चॅटला पुढं जातो. ती अडचण का घातली आहे हे माहीत असावं.

निळं अ‍ॅप कुणाला

टेलिग्रामची मागणी अभ्यासिकेतून येते. चालू घडामोडींच्या पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका, उत्तरतालिका, सगळं तिथल्या चॅनलांवर. त्या कामाला ते अ‍ॅप खरंच बरं. दोन जीबीपर्यंतची फाइल जाते, ग्रुपमध्ये दोन लाख माणसं मावतात, नवा माणूस आला तरी त्याला मागचं वाचता येतं. आणि सगळं त्यांच्या सर्व्हरवर असल्यामुळं फोन विहिरीत पडला तरी नव्या फोनवर लॉगइन केलं की जसंच्या तसं समोर. साखरपुड्याचे फोटो तिथं असते तर वाचले असते, हेही खरं.

पण सर्व्हरवर असतं याचाच दुसरा अर्थ असा, की साध्या चॅटला व्हॉट्सअ‍ॅपसारखं दोघांपुरतं कुलूप नाही. ते फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये असतं, तेही दोघांत, ग्रुपला नाही, आणि दरवेळी आपण मुद्दाम उघडावं लागतं. "टेलिग्राम जास्त सेफ असतंय" असं ऐकून येणाऱ्या पोरांना मी हे सांगते, त्यांना पटत नाही. असो. टाकल्याबरोबर प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर 'कुणालाच नाही' असा करा, नाहीतर दोन लाखांच्या ग्रुपमध्ये कुणाची नजर त्यावर पडेल सांगता येत नाही. दोन टप्प्यांचा पासवर्ड लावा. आणि व्हिडिओला लाइक करा, दिवसाला दोन हजार कमवा, असं सांगणारी ताई भेटली तर ती ताई नसते. आधी दीडशे रुपये खरंच देतात, मग पाच हजार भरायला लावतात.

मेसेजचं अ‍ॅप कुठलंही असो, त्यातून आलेली एपीके नावाची फाइल उघडू नका, ती उघडली की फोनमध्ये परकं अ‍ॅप बसतं. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी, काहीही नाव असो. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, एपीकेत येत नाही.

सिग्नल, आणि ते देशी

सिग्नल मी दोन-तीन प्रकारच्याच माणसांना सुचवते: अशिलांची कागदं हाताळणारे वकील, पेशंटचे रिपोर्ट पाठवणारे डॉक्टर, आणि ज्यांना आपला नंबर न देता बोलायचंय असे. २०२४ पासून तिथं नंबराऐवजी नाव घेता येतं. खातं उघडायला नंबर लागतो, पण समोरच्याला तो दिसावा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप मुळात सिग्नलवाल्यांनीच बनवलेलं आहे. गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप काढणाऱ्या दोघांपैकी एक, ब्रायन अ‍ॅक्टन, फेसबुक सोडून निघाले आणि त्यांनीच २०१८ मध्ये सिग्नलच्या संस्थेला पाच कोटी डॉलर दिले. ती संस्था देणग्यांवर चालते, जाहिराती नाहीत. त्याची किंमत अशी, की बॅकअप तुम्ही स्वतः चालू करून ठेवलात तरच असतो. जुना फोन विकायला आणताना आधी त्यातलं सिग्नल नव्या फोनवर हलवा, मग माझ्या हातात द्या. फॉरमॅट मारल्यावर विचारू नका.

देशी अ‍ॅपचं नाव मला नीट म्हणता येत नव्हतं. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस एकदम ज्याला-त्याला अरट्टाई हवं झालं, तेव्हा दुकानात एक गलाईवाले बसले होते. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे दादा कोइमतूरला. ते हसायलाच लागले. "वैनी, अरट्टाई म्हंजी तमिळमदी गप्पा!" चेन्नईच्या झोहो कंपनीचं ते अ‍ॅप २०२१ लाच आलेलं होतं. मी टाकून बघितलं. हलकं आहे, जुन्या फोनवर बरं चालतं. सुरुवातीला त्यात कॉलला कुलूप होतं, साध्या मेसेजला नव्हतं; म्हणून टाकल्यावर चॅटच्या माहितीत जाऊन ते लागलंय का ते बघून घ्या. मला त्यावर बोलायला अजून आमचे हे सोडून कुणी सापडलेलं नाही, आणि त्यांच्याशी बोलायला मला अ‍ॅप लागत नाही. त्या गलाईवाल्या दादांचं तर उलटंच: त्यांचे वडील इथं गावी, वाचता येत नाही, त्यामुळं बापलेक दिवसभर एकमेकांना आवाजी मेसेज पाठवतात. म्हाताऱ्यासाठी मी मुलाचं चॅट वर पिन केलं आणि अक्षरं मोठी केली. तेवढ्यावर त्यांचं छान चाललंय.

परदेशातलं माणूस असेल तर

तिथला कायदा बघावा लागतो. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो पण कॉल लागत नाही. तिकडं पोरं बॉटिम वापरतात, मग इकडं आईच्या फोनवरही तेच टाकावं लागतं. जपानात लाइन, कोरियात काकाओटॉक, तिथल्या ऑफिसातली माणसं त्यावरच असतात. चीनचं सगळ्यात अवघड. तिथं व्हॉट्सअ‍ॅप बंद, सिग्नल बंद, आणि तिथं चालणारं वीचॅट आपल्याकडं जून २०२० पासून बंद. मशीन बघायला चीनला निघालेल्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या घरच्यांना मी ईमेल वापरायला शिकवलं. तीन दिवस लागले. अमेरिकेत गेलेल्या पोराला आयफोनच्याच मेसेजची सवय लागते. ते निळ्या चौकटीतलं बोलणं आयफोन-आयफोनमध्येच. तुमचा अँड्रॉइड असेल तर त्यालाच इकडं व्हॉट्सअ‍ॅपवर यायला सांगा, लाजू नका.

बदलायचंच ठरवलं तर

जुनं काढायच्या आधी पंधरा दिवस दोन्ही ठेवा. पंधरा दिवसांत नव्यावर तुम्हाला स्वतःहून किती जणांनी मेसेज केला ते मोजा. तुम्ही केलेले मोजू नका. दोघा-तिघांच्या वर आकडा गेला नाही तर ते अ‍ॅप त्या दोघा-तिघांपुरतं ठेवा आणि जुनं राहू द्या.

नंबर बदलणार असाल तर सिम फेकायच्या आधी अ‍ॅपमधलं 'नंबर बदला' वापरा. ग्रुप आणि चॅट नव्या नंबरावर येतात. बंद पडलेला नंबर कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देऊ शकते. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या जुन्या नंबरवर आता कुणा अनोळखी माणसाचा बुलेटवरचा फोटो आहे, आणि तिची आत्या त्याला अजून "पोरं कशी आहेत" विचारते.

आणि अ‍ॅप नको असेल तर नुसतं दाबून अनइन्स्टॉल करू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं डिलीट करा, मग अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढलं तर खातं तसंच राहतं, समोरच्याला तुम्ही तिथं दिसत राहता. मग मावशी लग्नाची पत्रिका तिथं टाकून मोकळी होते, तिला एक टिक आणि दोन टिकांतला फरक कुठला कळायला, आणि तुम्ही पुढचं वर्षभर प्रत्येक कार्यात "पत्रिका पाठवून पण आला नाहीस" हे ऐकून घेता.